डेव्हन ॲव्हेन्यूपासून चार मैलांवर

कोणतेही नवे यंत्र घरात येते ते बहुधा मुलांच्या नावाने येते. रेडिओ मोठ्यांसाठी घेतला जाई, टेलिव्हिजन सर्वांसाठी. पण संगणक घ्यावयाचा म्हटला की ‘मुलांच्या अभ्यासासाठी’ हे शब्द आईवडिलांच्या तोंडी आलेच म्हणून समजावे. शाळा सुरू होण्याच्या सुमारास आम्हा शिक्षकांना पालक हटकून विचारतात, “गुरुजी, मुलासाठी कोणते यंत्र घ्यावे?” या प्रश्नाला सरळ उत्तर देण्यापेक्षा एका फसलेल्या संगणकाची गोष्ट सांगणे आम्हाला अधिक उपयोगाचे वाटते. तो संगणक शिकागोत जन्मला, अनेक बाबतींत आपल्या काळाच्या पुढे होता, आणि तरीही आज त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही.

शिकागो म्हटले की आपल्याकडील जुन्या पिढीला १८९३ सालचे स्वामी विवेकानंदांचे भाषण आठवते. ज्यांचे सगेसोयरे अमेरिकेत आहेत त्यांना मात्र आधी आठवतो तो डेव्हन ॲव्हेन्यू. आमची गोष्टही तेथूनच सुरू करू.

एका रस्त्याची ओळख

डेव्हन ॲव्हेन्यू हा शिकागोच्या उत्तर भागातील पूर्व-पश्चिम रस्ता. पूर्वी येथे ज्यू लोकांची वस्ती व दुकाने होती. १९६५ साली अमेरिकेने परदेशी लोकांच्या प्रवेशाचा कायदा बदलला आणि भारतातून डॉक्टर, इंजिनिअर व इतर शिकलेले लोक मोठ्या संख्येने येऊ लागले. त्यांच्यामागोमाग दुकानदारही आले. १९७३ मध्ये येथे साड्यांचे दुकान निघाले, १९७४ मध्ये पटेल ब्रदर्स या किराणा दुकानाचा पाया घातला गेला. पाहता पाहता मसाले, मिठाई, दागिने, कपडे असे सारे एका रस्त्यावर मिळू लागले. शिकागोतील मराठी माणसेही याच काळात एकत्र आली. तेथील महाराष्ट्र मंडळ १९६९ सालचे, आणि उत्तर अमेरिकेतील साऱ्या मराठी मंडळांना जोडणाऱ्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापनाही १९८१ साली शिकागोतच झाली. आज डेव्हनच्या एका भागाला महात्मा गांधींचे, दुसऱ्याला जिना यांचे, तर आणखी एकाला गोल्डा मेयर यांचे मानाचे नाव आहे. एका रस्त्यावर इतकी नावे गुण्यागोविंदाने नांदतात, हे आपल्यासारख्या मिश्र समाजात वाढलेल्यांना आवडण्यासारखेच आहे.

या रस्त्यावरच्या एका प्रकारच्या दुकानांकडे आम्हाला वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. ही विजेच्या उपकरणांची दुकाने. अमेरिकेत घरात ११० ते १२० व्होल्टची वीज असते. भारतात आणि आपल्या मॉरिशसमध्ये ती त्याच्या जवळजवळ दुप्पट. टेलिव्हिजनची गोष्ट तर त्याहून अवघड. अमेरिकेची पद्धत तेव्हा एनटीएससी, भारताची पाल, आणि आपल्या बेटावर फ्रेंच लोकांची सेकाम होती. अमेरिकेतून हौसेने आणलेला टेलिव्हिजन किंवा व्हिडिओ येथे लावला तर त्यावर धड चित्र उमटत नसे. डेव्हनच्या दुकानदारांनी ही अडचण ओळखली. त्यांनी २२० व्होल्टवर चालणारी, निरनिराळ्या पद्धतींचे चित्र दाखवणारी उपकरणे ठेवली. गिऱ्हाईक आत आले की पहिला प्रश्न असे, वस्तू कोणत्या देशात न्यावयाची आहे? गावी प्लग कसला आहे, टीव्ही कसला आहे, हे विचारल्याशिवाय खोक्याला दोरी बांधली जात नसे.

वस्तू घरी पोचून सुरू झाली तरच ती विकली गेली, असे मानणारा हा व्यापार. ही गोष्ट लक्षात ठेवून आता आपण दक्षिणेकडे जाऊ.

तोच क्रमांक, दुसरा रस्ता

शिकागो शहर चौकटीच्या वहीप्रमाणे आखलेले आहे. घरांचे क्रमांकच तेथे अंतर सांगतात. आठशे क्रमांक म्हणजे एक मैल. डेव्हन हा उत्तरेकडचा ६४०० वा रस्ता, तर बेलमाँट ॲव्हेन्यू ३२०० वा. म्हणजे दोहोंमध्ये बरोबर चार मैल. डेव्हनचा भारतीय बाजार पश्चिमेच्या २४०० ते २८०० क्रमांकांच्या दरम्यान सर्वांत गजबजलेला असतो. त्याच ओळीत सरळ खाली उतरले की बेलमाँटवर २६४० क्रमांकाला बॅली मॅन्युफॅक्चरिंग या कंपनीचा पत्ता होता.

बॅली ही १९३२ सालची कंपनी. पिनबॉलची यंत्रे आणि जुगाराची नाणेयंत्रे यांत तिचे नाव जगभर होते. तिच्या मिडवे या उपकंपनीने १९७८ मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि १९८० मध्ये ‘पॅक-मॅन’ हे जपानी खेळ अमेरिकेत आणले. खेळांच्या दुकानांत नाणी खुळखुळू लागली, त्यांतील पुष्कळशी या शिकागोच्या यंत्रांत पडत होती.

१९७७ साल हे घरगुती संगणकाच्या इतिहासात मोठे मानतात. ॲपल टू, कमोडोर पेट आणि टँडी कंपनीचा टीआरएस-८० हे तिन्ही संगणक त्याच वर्षी बाजारात आले. ॲपलची किंमत १,२९८ डॉलर, टीआरएस-८० ची पडद्यासह सुमारे ६०० डॉलर. त्याच वर्षी बॅलीच्या यंत्राची जाहिरात झळकली. त्याचे नाव ‘बॅली होम लायब्ररी कॉम्प्युटर’, आणि किंमत २९९ डॉलर. घरातल्या टेलिव्हिजनला जोडावयाचे, त्यावर खेळ खेळावयाचे, हिशेब करावयाचे, आणि पुढे कळफलक व वाढीव स्मृती जोडून पूर्ण संगणक करावयाचा, अशी ती कल्पना होती.

यंत्रातली हुशारी

यंत्र खरोखरच चांगले होते. त्याची रचना बॅलीसाठी डेव्ह नटिंग असोसिएट्स या शिकागो परिसरातील संस्थेने केली. आत त्या काळचा प्रसिद्ध झेड-८० प्रोसेसर होता. स्मृती ४ किलोबाइट, म्हणजे ४,०९६ बाइट. आज हा आकडा हास्यास्पद वाटेल. परंतु त्याच वेळी घरोघर विकल्या जाणाऱ्या अटारीच्या खेळयंत्रात अवघे १२८ बाइट होते. बॅलीच्या यंत्राला चार खेळाडूंसाठी चार दांडे जोडता येत. दांडा पिस्तुलाच्या मुठीसारखा, त्याला चाप, आणि वर फिरणारी गोटी. रंग २५६ छटांतून निवडता येत. खेळांच्या कॅसेटी ठेवावयास यंत्राच्या पाठीवरच झाकणाचा कप्पा होता. दोन खेळ, हिशेबाचे यंत्र आणि पडद्यावर रेघोट्या काढण्याचा एक कार्यक्रम आतच भरलेला होता.

पण शिक्षक म्हणून आमचे मन रमते ते बॅली बेसिकमध्ये. बेसिक ही संगणकाला सूचना देण्याची सोपी भाषा. त्या काळी मुले संगणकाची मुळाक्षरे गिरवीत ती तिच्यातच. ली-चेन वाँग यांनी १९७६ मध्ये अगदी छोटी बेसिक लिहून सर्वांना खुली केली होती. तिच्या आधाराने जेमी फेंटन यांनी बॅलीच्या यंत्रासाठी बेसिक तयार केली. त्यांच्यापुढची अडचण गणिताच्या तासाला मुलांपुढे मांडण्याजोगी आहे.

पडद्यावर आडवे १६० आणि उभे १०२ ठिपके. एकूण १६,३२०. प्रत्येक ठिपक्याचा रंग लक्षात ठेवण्यास दोन बिट लागतात, म्हणजे ३२,६४० बिट. आठ बिटांचा एक बाइट धरला तर ४,०८० बाइट. स्मृती मुळात ४,०९६ बाइटांची! चित्र पूर्ण भरले की उरतात सोळा. मग मुलाने लिहिलेला कार्यक्रम ठेवावयाचा कोठे?

फेंटन यांनी काढलेली तोड अशी. दर ठिपक्याच्या दोन बिटांपैकी एक चित्रासाठी ठेवला आणि दुसऱ्यात कार्यक्रम लपवला. रंगांची निवड अशी केली की दुसरा बिट काहीही असला तरी डोळ्यांना फरक दिसू नये. वहीच्या एका ओळीत काळ्या शाईने चित्र काढावे आणि त्याच्या शेजारच्या ओळीत कागदाच्याच रंगाच्या शाईने धडा लिहावा, तसा हा प्रकार. पाहणाऱ्याला चित्रच दिसते, यंत्राला मात्र धडा वाचता येतो. पडद्यावरच्या चार रंगांचे दोन झाले, पण कार्यक्रमासाठी सुमारे १,८०० अक्षरांची जागा मिळाली. रोमन लिपीत टंकलेखन केलेले जेमतेम एक पान. तेवढ्या जागेत लोकांनी खेळ लिहिले, गाणी वाजवली, नक्ष्या काढल्या. गरिबीच्या घरातली सुगरण उरल्यासुरल्यातून पंगत उठवते, तीच ही हुशारी.

कळफलक कोठे आहे?

एवढे असून गाडी अडली कोठे? पहिली अडचण यंत्राच्या तोंडावरच होती. त्याला कळफलकच नव्हता. होत्या त्या हिशेबयंत्रासारख्या चोवीस कळा. बेसिक वापरावयाची तर त्या कळांवर एक छापील पत्रा बसवावयाचा. एकेका कळीला चार-पाच अर्थ. आधी रंगाची कळ दाबावयाची, मग अक्षराची. हिरवी दाबली तर एक अक्षर, लाल दाबली तर दुसरे, निळी दाबली तर तिसरे. एक ओळ लिहिता लिहिता बोटे थकून जात. लिहिलेले जपून ठेवावयाचे तर वेगळा जोड आणि टेपरेकॉर्डर लागे.

खरा कळफलक मात्र येणार होता! त्यामागे मोठी माणसे होती. टॉम डीफँटी यांनी ओहायो स्टेट विद्यापीठात चित्रे काढण्यासाठी ‘ग्रास’ नावाची संगणकभाषा तयार केली होती आणि पुढे ती इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो सर्कल आवारात आणली. १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात शत्रूच्या अवकाशकिल्ल्याचा संगणकावर काढलेला नकाशा दाखवला आहे, तो लॅरी क्युबा या कलावंताने तेथेच, याच भाषेने तयार केला. या भाषेचे ‘झेड-ग्रास’ हे घरगुती रूप, त्यासोबत कळफलक आणि ३२ किलोबाइट स्मृती असा जोड बॅलीच्या यंत्राला देण्याचे ठरले होते. तसे झाले असते तर चित्रपटात वापरलेल्या विद्येचे बाळरूप सामान्य घरातील मुलापुढे आले असते. पण तो जोड घरगुती गिऱ्हाइकांच्या हाती कधी पडलाच नाही. पुढे झेड-ग्रास १९८० नंतर वेगळ्या, महागड्या चित्रयंत्रांत दिसली; ज्यांनी २९९ डॉलर मोजून वाट पाहिली त्यांच्या घरी ती आली नाही.

दुसरी अडचण विक्रीची. बॅलीला हॉटेलवाल्यांना आणि खेळघरांना यंत्रे विकण्याचा मुरलेला अनुभव होता; आईबापांना वस्तू विकण्याचा नव्हता. यंत्र प्रथम टपालाने विकावयास काढले. १९७७ मध्ये पैसे घेण्याची जाहिरात झाली, आणि माल १९७८ उजाडल्यावर निघू लागला. तोवर नावही बदलले होते. ते आता ‘बॅली प्रोफेशनल आर्केड’ झाले. पुढेही ते मुख्यतः संगणकाच्या मोजक्या दुकानांतच दिसे. याउलट टँडी कंपनीची रेडिओ शॅक नावाची हजारो दुकाने गावोगाव होती. तेथे जाऊन मूल संगणकाला हात लावू शके, बाप प्रश्न विचारू शके, बिघडले तर परत नेता येई. त्यातच बॅलीचे यंत्र आत फार तापते, अशी तक्रारही होती. दूरच्या गावच्या गिऱ्हाइकाने टपालाने घेतलेले यंत्र तापून बंद पडले तर त्याने कोणाचे दार ठोठवावे?

१९७९ च्या अखेरीस बॅलीचे अटलांटिक सिटी येथील कॅसिनो सुरू झाले. घरगुती यंत्रांतला कंपनीचा रस त्याच सुमारास आटला आणि तिने तो विभाग विकावयास काढला. नव्या मालकांनी १९८१ मध्ये तेच यंत्र बेसिकसह पुन्हा बाजारात आणले, ‘बॅली कॉम्प्युटर सिस्टिम’ या नावाने. १९८२ मध्ये त्याचे ‘ॲस्ट्रोकेड’ झाले. एका यंत्राची चार बारशी झाली. पण बारसे केले म्हणून बाळाचे बाळसे वाढत नाही. १९८३ मध्ये अमेरिकेत खेळयंत्रांचा बाजार कोसळला, त्या पुरात भले भले वाहून गेले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या बलाढ्य कंपनीनेही त्याच वर्षी घरगुती संगणकातून अंग काढून घेतले. १९८५ च्या सुमारास ॲस्ट्रोकेडही बाजारातून दिसेनासे झाले.

दोष कोणाचा?

आता गंमत पाहा. याच यंत्रातल्या खास चिप, अधिक स्मृतीच्या जोडीने, मिडवेच्या खेळघरातील यंत्रांत बसवल्या होत्या. १९८१ सालचा ‘गॉर्फ’ हा त्यांतलाच खेळ, आणि तोही फेंटन यांचाच. तेथे त्या चिप उत्तम चालल्या, नाण्यांच्या राशी जमवत्या झाल्या. म्हणजे मेंदू तोच, एकीकडे कमाई, दुसरीकडे अपयश. आमच्या मते फरक असा की, खेळघरात लागणारे सारे काही सोबत होते. पेटी होती, दांडे होते, पडदा होता, बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस होता. तेथे ‘पुढे येईल’ असे काही नव्हते. घरी विकलेले यंत्र मात्र अर्धे होते, आणि उरलेले अर्धे म्हणजे वचन.

हेच शिक्षणातही दिसते. ब्रिटनमध्ये १९८१ च्या अखेरीस बीबीसी मायक्रो हा संगणक निघाला. त्याला चांगला कळफलक होता, सोबत पुस्तके होती, १९८२ मध्ये टेलिव्हिजनवर पाठही सुरू झाले, आणि तो शाळाशाळांत रुजला. भारत सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी संगणक-साक्षरतेची योजना काढली तेव्हा हाच संगणक निवडला. तेथील अनुभव मात्र असा की यंत्र पोचले तरी शिकवणारा तयार नसेल आणि मुलांच्या भाषेत धडे नसतील, तर यंत्राची पेटी कुलपातच बरी दिसते. आम्ही अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले तेव्हा एक गोष्ट पक्की शिकलो होतो. साधन वर्गात नेण्यापूर्वी त्याने आज, या तासाला, काय शिकवावयाचे ते ठरवावे. उद्याच्या तासाचे साधन आज उपयोगी पडत नाही.

बॅलीचे यंत्र अगदीच वाया गेले असे मात्र म्हणता येणार नाही. ज्यांनी ते घेतले त्यांनी एकमेकांना पत्रे लिहिली. ‘द आर्केडियन’ नावाचे एक पत्रक कॅलिफोर्नियातून १९७८ ते १९८६ पर्यंत निघत असे. आपल्या एखाद्या मंडळाच्या पत्रकासारखेच ते होते. कोणी आपला कार्यक्रम पाठवी, कोणी चूक दाखवी, कोणी यंत्र थंड ठेवण्याची युक्ती सांगे. कंपनीने पाठ फिरवली तरी गिऱ्हाइकांनी एकमेकांचे शिक्षक होऊन यंत्र चालते ठेवले. फेंटन यांनी तर १९७८ मध्ये यंत्राला ठोसा मारून चालू कॅसेट बाहेर उडवली आणि पडद्यावर जे विस्कटलेले रंग उमटले त्यांतून ‘डिजिटल टीव्ही डिनर’ नावाची चित्रफीत करण्यात आली. यंत्राच्या बिघाडातून केलेल्या कलेचा पहिल्यांपैकी एक नमुना म्हणून आज ती दाखवली जाते.

आपल्या मुलांचा कळफलक

या गोष्टीतून आपण काय घ्यावे? आम्ही पालकांना तीन प्रश्न सांगतो. हे यंत्र आज काय करते? ते वापरावयास मुलाला कोण शिकवणार? आणि बिघडले तर आपल्या बेटावर ते कोण दुरुस्त करणार? ‘पुढे येणार आहे’ हे उत्तर मिळाले तर ते उत्तर धरू नये. डेव्हनवरचा दुकानदार गिऱ्हाइकाचे गाव विचारूनच खोके बांधी. निदान तेवढे प्रश्न तरी आपण आपल्या मुलासाठी विचारावेत.

एक प्रश्न मात्र दुकानदाराला विचारून भागणार नाही. २०१८ मध्ये भारताच्या मदतीने आपल्या प्राथमिक शाळांतील लहान मुलांच्या हाती टॅब्लेट आले. घरोघर तर कितीतरी आधीपासून फोन आहेत. या साधनांत मराठी लिहिण्याची सोय असते. फोनच्या भाषेच्या यादीत जाऊन ‘मराठी’ निवडले की देवनागरी कळफलक समोर येतो; त्याला पैसे पडत नाहीत, टपालाची वाट पाहावी लागत नाही. असे असूनही शाळेत मराठी शिकणारी आपली मुले आजीला ‘नमस्कार’ लिहितात तो रोमन अक्षरांत. वर्गात ‘क’ आणि ‘ष’ गिरवून ‘क्ष’ काढणाऱ्या मुलाला तोच ‘क्ष’ फोनवर कसा लिहावा हे कोणी दाखवलेले नसते.

शिकागोच्या त्या गिऱ्हाइकांना कळफलकाचे वचन मिळाले होते, पण कळफलक मिळाला नाही. आपल्याजवळ कळफलक आहे. मुलाशेजारी बसून तो उघडून देणारे मोठे माणूस तेवढे हवे. एका संध्याकाळी अर्धा तास काढला तर हे काम होण्याजोगे आहे. शाळेत ते आम्ही करूच. घरी आपण करावे.